खिडकीत कोरलेलं नाव

बाकावर करकटकानं नाव कोरून कधी छड्या खाल्ल्या असतील, तर ही खिडकी नीट बघा. दगडी कठड्यात अक्षरं खोदलीत: आय. न्यूटन. ती त्यानंच कोरली, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या मानतात.

गाव ग्रँथम, इंग्लंडच्या लिंकनशायरमधलं. सेंट वुल्फ्रम चर्चचा उंच मनोरा आणि त्याला लागूनच किंग्ज स्कूल. शेजारच्या रॉप्सली गावचे रिचर्ड फॉक्स पुढं विंचेस्टरचे बिशप झाले. गावाकडची ही जुनी शाळा ते विसरले नाहीत. १५२८ मध्ये त्यांनी तिला कायमचं उत्पन्न लावून दिलं. राजा सहाव्या एडवर्डची सनद आली १५५३ मध्ये. अशा शाळांना म्हणत ग्रामर स्कूल, पण ते ग्रामर लॅटिनचं. आपल्या पाठशाळेत रूपं घोकत, तसाच प्रकार. पहिल्या एलिझाबेथ राणीचे प्रमुख सल्लागार विल्यम सेसिल इथलेच विद्यार्थी.

न्यूटन आला १६५५ च्या सुमारास, बारा वर्षांचा. वूल्सथॉर्पचं घर सात मैलांवर, म्हणून गावातल्या क्लार्क नावाच्या औषधविक्याकडे राहायची सोय. सुरुवातीला वर्गात पार तळाला. एकदा एका पोरानं त्याच्या पोटात लाथ घातली. शाळा सुटल्यावर चर्चच्या आवारात न्यूटननं त्याला बदडलं. तेवढ्यानं राग शमेना, म्हणून मग अभ्यासातही मागं टाकलं. गोष्ट फार वर्षांनी लिहिली गेली, तेव्हा थोडं मीठमसाला धरूनच ऐकायची.

पुढं आईनं त्याला शाळेतून काढलं. शेती कोण बघणार? पण शेतीत त्याचं लक्ष शून्य. बाजाराच्या दिवशी सौदा गड्यावर सोपवायचा आणि स्वतः क्लार्कच्या माळ्यावर पुस्तकांत बुडायचं. त्याच्या मेंढ्या, डुकरं दुसऱ्यांच्या रानात शिरली, त्याबद्दल १६५९ मध्ये दंड झाल्याची नोंदच आहे.

तेव्हा हेडमास्तर हेन्री स्टोक्स आईकडे गेले. पोराला परत पाठवा म्हणाले. परगावच्या मुलांना चाळीस शिलिंग फी असे, ती माफ करतो म्हणाले. आई तयार झाली. १६६१ मध्ये न्यूटन केंब्रिजला पोचला. न्यूटनच्या चरित्रात सफरचंदाला जेवढी जागा मिळते, तेवढी या मास्तरांना मिळत नाही.

पुढची दोनअडीचशे वर्षं ओलांडू. शाळा मुलग्यांचीच राहिली. गावात मुलींची ग्रामर स्कूल निघाली ती थेट १९१० मध्ये. तिथं १९३६ साली एका किराणा दुकानदाराची मुलगी दाखल झाली, मार्गारेट रॉबर्ट्स. लग्नानंतरची थॅचर, पुढं ब्रिटनची पंतप्रधान.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर सरकारी ग्रामर स्कूलमधली फी गेली, आणि अकराव्या वर्षाची परीक्षा दारात उभी राहिली. पास झालात तर ग्रामर, नाहीतर बहुतेकांना सेकंडरी मॉडर्न, म्हणजे नापासांची साधी शाळा. एका सकाळच्या पेपरावर पोराची वाट ठरायची. देशभर ओरड झाली, आणि सगळ्यांना एकत्र घेणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा आल्या. गंमत म्हणजे, १९७० ते ७४ या काळात शिक्षणमंत्री असताना अशा सर्वाधिक शाळांना मंजुरी दिली ती याच थॅचरबाईंनी. त्यांच्या ग्रँथममध्ये मात्र दोन्ही ग्रामर स्कूल टिकल्या.

आजही सप्टेंबरात दहाअकरा वर्षांची मुलं त्या परीक्षेला बसतात. किंग्ज स्कूलमध्ये जी पोचतात, त्यांच्यासाठी न्यूटनची ही जुनी इमारत म्हणजे शाळेची लायब्ररी. खिडकीच्या त्या कठड्यावर इतरही नावं आहेत. ती पोरं कोण होती, ते कुणी विचारत नाही.