सॅमनची पिल्लं कडेकडेने जातात

सिएटलच्या वॉटरफ्रंटवर तुम्ही सगळेच फिरलाय, भारतातून पाहुणे आले की पाइक प्लेस मग ते मोठं चाक मग फेरीबोट, ठरलेलाच कार्यक्रम. पण तिथल्या फुटपाथमध्ये काचेचे ठोकळे बसवलेत ते कोणी नीट बघितलेत का? ते शोभेसाठी नाहीयेत हो. फुटपाथच्या खाली समुद्राचं पाणी आहे आणि तो उजेड सॅमनच्या पिल्लांसाठी खाली सोडलाय.

सॅमन म्हटलं की आपल्याला कॉस्टकोतला तो गुलाबी तुकडा आठवतो, पण ड्युवामिश नदीतून वसंतात खाली येणारं पिल्लू जेमतेम बोटाएवढं असतं, ते उथळ पाण्यातून काठाला धरून जातं कारण खोल पाण्यात मोठे मासे टपलेलेच असतात, आणि खायला बारीक जीव मिळतात तेही काठालाच. त्यात ते डोळ्यांनी बघून खाणारं. धक्क्याखाली दाट सावली आली की पिल्लं तिथेच अडतात, नाहीतर वळसा घालून खोलात जातात. आणि शहराने काय केलं, तर सगळा काठ काढून उभी भिंत घातली!

ती जुनी भिंत आतून लाकडी, तिला समुद्रातले किडे पोखरत होते, वर २००१ चा भूकंप. मग २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून २९ कोटी डॉलरचे बाँड मंजूर केले, २०१३ मध्ये काम सुरू झालं. नवी भिंत मुद्दाम खडबडीत केलीय, तिला कंगोरे काढलेत म्हणजे शेवाळ धरेल, तळाला दगड भरलेल्या जाळ्या टाकून पाणी उथळ केलंय. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनवाल्यांनी पाण्यात उतरून बघितलं, पिल्लं आता काचेखालून जातात आणि तिथे खातातसुद्धा. मोठ्या धक्क्यांखालचा अंधार मात्र आहे तसाच आहे.

माझं स्पष्ट मत, काचेचे फोटो सगळे काढतात पण खरी गरज वर ड्युवामिशमध्ये आहे. कोकणातल्या मंडळींना खाडी काय असते ते सांगायला नको, पिल्लांना गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाताना असल्याच चिखलात थोडे दिवस मुक्काम करावा लागतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बोटींसाठी ती वळणावळणाची नदी सरळ करून टाकली, खाडीतली ९७ टक्क्यांहून जास्त पाणथळ जागा गेली. आता नदीकाठच्या साऊथ पार्क नावाच्या वस्तीत जिथे डांबरी छपरांचं सामान बनायचं तिथली विषारी माती उपसून पोर्टने, म्हणजे सिएटलच्या बंदराच्या संस्थेने, काठ परत उतरता केला, २०२२ मध्ये तिथे पार्क उघडलं.

अशा जागी गेलात तर लावलेल्या गवतावर काठ्या-दोऱ्यांचं जाळं दिसेल, बघणाऱ्याला वाटतं कॉन्ट्रॅक्टर काम अर्धवट टाकून पळाला. तसं नाहीये, ते जाळं कॅनडा गीज नावाच्या रानटी हंसांना अडवायला आहे, कोवळी रोपं हे पक्षी मुळासकट उपटून खातात. रोपं नीट रुजली की मगच जाळं काढतात.