चालकच बेशुद्ध पडला, तर भरपाई कोणाची?

अशा अपघातांच्या पंचनाम्यात पुष्कळदा एक नोंद सापडते : रस्त्यावर ब्रेक दाबल्याच्या खुणा नाहीत. गाडी चालवताना चालकाला हृदयविकाराचा झटका येतो, फेफरे येते किंवा रक्तातली साखर एकाएकी उतरते, आणि बेलगाम झालेली गाडी पादचाऱ्यांवर जाते. चालकाची चूक नाही; मग भरपाई कोणी द्यायची?

इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकात अशीच एक ३८ टनी लॉरी दुकानात घुसली होती. साखर उतरवणारा आजार आपल्याला आहे, हे चालकाला ठाऊकच नव्हते. त्यामुळे अपील न्यायालयाने त्याला निष्काळजी ठरवले नाही आणि दुकानमालकांच्या हाती काहीच लागले नाही.

आपल्याकडेही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालक आणि विमा कंपनी यांच्यावर दायित्व येत नाही, अशीच भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये घेतली होती. पुढे २००१ मध्ये, टायर फुटून उलटलेल्या जीपने एका पादचाऱ्याचा बळी घेतल्याच्या प्रकरणात, निष्काळजीपणा नसला तरी भरपाई द्यावी लागते, असे त्याच न्यायालयाने सांगितले. तरीही झटका ही दैवी आपत्ती होती, असा बचाव घ्यायला विमा कंपनीच्या वकिलाला जागा उरतेच.

मोटार वाहन कायद्याच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ मध्ये मात्र चूक कोणाची, हा प्रश्नच विचारला जात नाही. मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे असतात. ही रक्कम तुटपुंजीच म्हणावी लागेल. महिना ३० हजार कमावणारा, स्वतःचा व्यवसाय असलेला ३२ वर्षांचा माणूस गेला आणि मागे तिघे अवलंबून असले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कलम १६६ च्या नेहमीच्या हिशेबाने केवळ बुडालेल्या उत्पन्नापोटी ५३ लाख ७६ हजार रुपये होतात. परंतु तिथे निष्काळजीपणाचा वाद पुन्हा उभा राहतो, आणि कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की तो दावा संपुष्टात येतो.

हा वाद बहुधा चालकाला आपल्या आजाराची कल्पना होती का, यावर ठरतो. अपस्मार, किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा वा घेरी येण्याचा त्रास आहे का, हे परवान्याच्या नमुना १ मध्ये अर्जदारालाच जाहीर करावे लागते. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असे सांगूनही जो चाक हाती घेतो, त्याच्या बाबतीत झटका अनपेक्षित राहत नाही. तो निष्काळजीपणाच ठरू शकतो.

सर्वांत कठीण स्थिती खुद्द चालकाच्या कुटुंबाची होते. तृतीय पक्ष विमा बाहेरच्या माणसासाठी असतो. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणात मृत्यू अपघाती, बाह्य कारणाने झालेला असावा लागतो. मोटारसायकल चालवताना छातीत कळ येऊन खाली पडलेल्या विमाधारकाच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याचा अपघात लाभ नाकारला, कारण मृत्यू पडल्यामुळे झाल्याचा पुरावा नव्हता. त्यामुळे वारसांना शवविच्छेदन अहवालात आधी हे पाहावे लागते की, मृत्यूचे कारण हृदयविकार लिहिले आहे की धडकेची इजा.