एक सेकंद आणि लान्दिस्मो

२२ जुलै २०१७, फ्रान्समधलं मार्से. टूर द फ्रान्सची टाइम ट्रायल सुरूय, एकेकट्यानं निघायचं आणि ज्याला वेळ कमी लागेल तो पुढे. ती संपते, एकूण वेळेची बेरीज होते आणि तीन आठवडे, साडेतीन हजार किलोमीटर सायकल हाणल्यावर स्पेनचा मिकेल लान्दा चौथा येतो. तिसऱ्या रोमाँ बार्देपेक्षा १ सेकंद मागे.

एक सेकंद हो! हातातोंडाशी आलेला घास गेला.

पण ऑनलाइन दुनियेत लान्दाची हवा त्याआधीच झाली होती. त्या वर्षी तो स्काय टीममध्ये होता, कॅप्टन क्रिस फ्रूम, त्यामुळे लान्दाचं काम ठरलेलं, चढावर पुढे राहून फ्रूमला ओढून न्यायचं. मग पेराग्यूदच्या शेवटच्या खड्या चढावर फ्रूमचे पाय गळाले आणि लान्दा त्याच्या पुढे निघून आला, दुसऱ्याच दिवशी फ्वाच्या स्टेजला, म्हणजे त्या दिवसाच्या टप्प्याला, स्पेनच्याच काँतादोरला सोबत घेऊन असा सुटला की एकूण वेळेत पहिल्या असणाऱ्याच्या पिवळ्या जर्सीपासून मिनिटभरावर येऊन ठेपला. तरी पुढे राबला फ्रूमसाठीच. लोकांना ते बघवेना, आणि हॅशटॅग फिरायला लागला, फ्री लान्दा. सोडा रे त्याला!

स्पेनमध्ये या वेडाला नावच आहे, लान्दिस्मो. इस्मो म्हणजे आपला वाद, समाजवाद म्हणतो तसा लान्दावाद. आणि हे त्या देशात, जिथे इंदुराइननं सलग ५ टूर जिंकल्यात. लान्दानं ३ आठवड्यांची एकही मोठी रेस जिंकलेली नाही.

मग एवढं प्रेम कशाला? एकदा त्याला चढावर बघा. बहुतेक जण हँडलला वरून धरतात, हा खालची वाकलेली दांडी पकडून, अंग पुढे झोकून चढतो, इटलीच्या पांतानीसारखा. हेल्मेट, गॉगल, काही असू दे, नुसत्या बसण्यावरून ओळखू येतो, म्हणून तर त्याचा तसा फोटो इतका शेअर होतो. मला स्वतःला त्या एका पोझनंच ओढलं.

आणि नशीब बघा. २०१७ च्या जिरोत, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये, एका स्टेजला दुसरा, दोन दिवसांनी परत दुसरा, मग तिसऱ्या वेळी पिआंकावाल्लोला एकट्यानं जिंकला. २०१९ च्या जिरोत पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, ८ सेकंदांनी हुकला. २०२१ च्या जिरोत जोरात फॉर्ममध्ये, आणि पाचव्याच स्टेजला पडून कॉलरबोन मोडलं. दर वेळी फॅन्स लिहितात, आता पुढच्या वर्षी, आणि ते मनापासून लिहितात.

एक गोष्ट मात्र मीम्समध्ये कमी दिसते. तो उत्तर स्पेनमधल्या आलावा प्रांतातल्या मुर्गिया गावचा, तिथल्या बास्क समाजाचा माणूस. ज्या एउस्कादी फाउंडेशनच्या टीममधून तो वर आला ते फाउंडेशन पैशाअभावी बंद पडायला आलं, तेव्हा लान्दा स्वतः त्याचा अध्यक्ष झाला, स्वतःचं करिअर ऐन भरात असताना. बास्क पोरांच्या अंगावर टीमची ती नारिंगी जर्सी परत दिसली त्यात याचा मोठा वाटा आहे.

मे २०२५. अल्बेनियात जिरोची पहिलीच स्टेज, लान्दा पडतो, मणक्याला फ्रॅक्चर. ऑगस्टमध्ये वुएल्ताला, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या रेसला, हजर. सोळाव्या स्टेजला शेवटी पुढे दोघंच, एगान बेर्नाल आणि लान्दा. शेवटचा चढ लान्दाच्याच मापाचा. पण निदर्शनांमुळे फिनिश ८ किलोमीटर अलीकडे आणलं जातं, तो चढ लागायच्या आतच. दोघांत स्प्रिंट होते. बेर्नाल पहिला.

लान्दा दुसरा.