कुकी: खिशातला बिल्ला
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[पंढरपूर. मंदिराच्या वाटेवरचं चप्पल स्टँड. मावशींच्या हातात पितळी बिल्ले.]

पहाटेची वेळ. मावशी चपला घेतात, फळीवर सरकवतात आणि हातात एक बिल्ला ठेवतात. त्यावर फक्त आकडा. तुमचं नाव नाही, गाव नाही. दर्शन घेऊन आलात की बिल्ला पुढे करायचा. मावशी तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत. आकडा बघतात आणि नेमका तुमचाच जोड काढून देतात.

[बिल्ला अगदी जवळून. झिजलेला आकडा, भोकातून ओवलेली सुतळी.]

हा बिल्ला नीट बघून ठेवा.

[लॅपटॉप. कीबोर्डवर बोट, एफ १२ चं बटण. ब्राउजरच्या तळाशी तक्ता उघडतो.]

आता हा दुसरा बिल्ला. ब्राउजरमध्ये, म्हणजे वेबची पानं उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एफ १२ दाबलं की त्याची आतली खोली उघडते. या तक्त्यातली एकेक ओळ म्हणजे एक कुकी. पहिल्या रकान्यात तिचं नाव. दुसऱ्यात अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ, जी तुम्हाला-आम्हाला वाचून काहीच कळणार नाही. पुढे ती कोणत्या साइटने दिली ते, आणि कधी संपणार ती तारीख. बस्स, एवढंच. कुकी म्हणजे प्रोग्रॅम नव्हे आणि व्हायरसही नव्हे. ती चार किलोबाइटच्या आतली एक चिठ्ठी आहे. साइट ती देते, तुमचा ब्राउजर जपून ठेवतो, आणि पुन्हा त्या साइटवर गेलात की न विचारता पुढे करतो.

[तक्त्यातल्या एका तारखेवर कॅमेरा थांबतो.]

चिठ्ठी का लागली? कारण वेबला आठवण नव्हती. एचटीटीपी नावाच्या ज्या नियमांवर वेब चालतं, त्यांत प्रत्येक मागणी नवी. पान मागितलं, पान मिळालं, ओळख संपली. दुकानात एक पुस्तक टोपलीत टाकलंत आणि दुसऱ्या कपाटाकडे वळलात की दुकानदार विचारणार, आपण कोण?

साल १९९४. नेटस्केप ही ब्राउजर बनवणारी नवी कंपनी. तिथल्या लू मॉन्टुली या तरुणाचं वय तेव्हा २३. एमसीआय या टेलिफोन कंपनीला इंटरनेटवर दुकान हवं होतं, पण ग्राहकांच्या अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकावर, ठेवायची तिची तयारी नव्हती. मग ती नोंद ठेवायची कुठे? मॉन्टुलींनी उत्तर काढलं: ग्राहकाच्याच संगणकावर. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून होता. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला द्यायची आणि जशीच्या तशी परत घ्यायची खूण. तेच नाव पडलं.

आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मॉन्टुलींनी ठरवलं असतं तर प्रत्येक ब्राउजरला एक कायमचा क्रमांक देता आला असता, सगळ्या साइट्सना तोच. त्यांनी तो मार्ग टाळला. ज्या साइटने कुकी दिली तिलाच ती परत दिसेल, दुसरीला नाही, असा नियम केला. माणसांचा माग काढता येऊ नये, हा हेतू मुळातच होता. एका चांगल्या कारागिराचं हे काम आहे, आणि त्याबद्दल आम्हाला आदरच वाटतो.

ऑक्टोबर १९९४ मध्ये कुकी घेऊन ब्राउजर बाहेर पडला. वापरणाऱ्यांना मात्र कुणी काही सांगितलं नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये फायनान्शियल टाइम्समध्ये लेख आला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपल्याच संगणकावर चिठ्ठ्या साठताहेत.

[पुन्हा चप्पल स्टँड. कॅमेरा वर उचलला जातो. रस्त्याच्या दुतर्फा स्टँडच स्टँड.]

आता अशी कल्पना करा की ही सगळी स्टँड एकाच माणसाची आहेत. फक्त याच रस्त्यावरची नव्हेत; आळंदीची, तुळजापूरची, जेजुरीचीही. आणि तुमच्याकडे सगळीकडे एकच बिल्ला. त्याला तुमचं नाव अजूनही माहीत नाही. पण हा आकडा सोमवारी कुठे होता, गुरुवारी कुठे होता, किती वेळ थांबला, कुणाबरोबर आला, हे त्याच्या वहीत आहे.

[स्क्रीन. एका बातमीच्या पानाचा कोरा कोपरा. कॅमेरा आत, आणखी आत. काहीच दिसत नाही.]

इथे एक चित्र आहे. एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, रुंद; एक पिक्सेल उंच; पारदर्शक. तुम्ही बातमी वाचताय एका साइटवर, पण हे चित्र येतं दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून, आणि येताना त्या कंपनीची कुकी घेऊन येतं. मग तुम्ही जाता साडीच्या दुकानात. तिथेही तेच चित्र, म्हणून तीच कुकी. नंतर औषधांची माहिती. तिथेही तीच. मॉन्टुलींचा नियम मोडलेला नाही बरं का; ज्याने कुकी दिली त्यालाच ती परत मिळतेय. फक्त तो एकाच वेळी सगळीकडे बसलाय. याला म्हणतात थर्ड-पार्टी कुकी.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचं पहिलं अधिकृत मानक निघालं, आरएफसी २१०९. लिहिणारे दोघे, डेव्हिड क्रिस्टल आणि खुद्द मॉन्टुली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की अशा परक्या कुकी ब्राउजरने आपणहून स्वीकारू नयेत. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोन्ही मोठ्या ब्राउजरांनी ते मानलं नाही. तोवर डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्या त्याच कुकींवर उभ्या राहिल्या होत्या. २००७ मध्ये गुगलने डबलक्लिक घ्यायचं जाहीर केलं. किंमत ३.१ अब्ज डॉलर.

[तक्ता पुन्हा. कुकी पुसल्या जातात. पान ताजं केलं जातं. ओळी परत भरू लागतात.]

ॲपलच्या सफारी ब्राउजरने २०२० मध्ये थर्ड-पार्टी कुकी पूर्ण बंद केल्या. गुगलच्या क्रोमनेही त्याच वर्षी दोन वर्षांत बंद करू म्हणून सांगितलं, मुदती पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. शिवाय बिल्ल्याशिवायही माणूस ओळखता येतो. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ग्राफिक्स कार्डाची चित्र काढायची ढब, सगळं जुळवून तुमच्या ब्राउजरचा ठसा तयार होतो, आणि तो पुसायचं बटण कुठेच नाही. या सगळ्यावरून तुम्हाला कोणती जाहिरात दाखवायची आणि ती दाखवायला जाहिरातदाराने किती बोली लावायची, हे पान उघडता उघडता ठरतं.

[नाशिक जिल्हा. कांद्याची चाळ. ओट्यावर आजी, हातात फोन. शेजारी नात.]

आजींना कांद्याचा भाव बघायचाय. पान उघडलं, पण अर्ध्या पडद्यावर इंग्रजी मजकूर. खाली एक मोठं निळं बटण.

“काय म्हणतंय गं हे?”

“काही नाही आजी. दाब ते निळं.”

[निवेदन नाही. आजींचा अंगठा बटणावर. थांबलेला.]

संमती म्हणजे काय, यावर युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला: चौकटीत आधीच केलेली खूण ही संमती नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या डेटा नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला, कारण होकार एका टिचकीत मिळत होता आणि नकाराला मात्र अनेक टिचक्या लागत होत्या.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. कुकी हा शब्द त्यात नाही, पण संमती आहे: मोकळेपणाने दिलेली, समजून दिलेली. आणि एक तरतूद आहे जिच्यासाठी आम्ही ही फिल्म करायला घेतली. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावाच लागेल. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी त्यातली एक. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीची कलमं लागू व्हायला तिथून १८ महिने. म्हणजे ती लागू झाली की आजींनी “काय म्हणतंय हे” विचारलं, तर उत्तर द्यायची जबाबदारी नातीची नाही, त्या पानाची.

[नात फोन हातात घेते. मोठ्याने, अडखळत, एकेक वाक्य मराठीत सांगते.]

“आम्ही आणि आमचे भागीदार... तुमच्या डिव्हाइसवर माहिती साठवतो... आणि वाचतो.”

[ती ‘भागीदार’वर बोट ठेवते. यादी उघडते. नावं वर सरकत राहतात.]

“एवढी माणसं कशाला लागतात कांद्याचा भाव सांगायला?”

[नात मागे येते. ‘पर्याय’, मग आणखी एक पान, मग तळाशी बारीक अक्षरातलं ‘नाकारा’.]

सूचना बाजूला झाली. लासलगावचा भाव समोर आला.

[आजी पदराने चष्मा पुसतात. वहीत भाव लिहून घेतात.]