गाळावर वसलेलं पाखरांचं गाव

[दृश्य: दगडी बंधारा, मागे दूरवर पसरलेलं उथळ पाणी]

नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरीला कादवा येऊन मिळते. या संगमावर ब्रिटिश काळात नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा उभा राहिला. नदीचं पाणी अडवायचं, दोन्ही तीरांवरच्या कालव्यांत सोडायचं आणि खालची शेती भिजवायची, एवढंच त्याचं काम. ते तो आजही करतो. पण दर पावसाळ्यात दोन्ही नद्या गाळ आणत राहिल्या आणि तो भिंतीमागे साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पाखरांना मात्र त्या गाळाने घर दिलं. बेटं तयार झाली, गुडघाभर पाण्याच्या जागा झाल्या, पाणकणीस माजलं. बुडी मारणाऱ्या पाणकावळ्यापासून काठावर चिखल टोचणाऱ्या तुतवारापर्यंत ज्याला जेवढी खोली हवी, तेवढी इथे कुठे ना कुठे मिळतेच. १९८६ साली हे अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ म्हणून याचं नाव जाहीर झालं.

[दृश्य: द्राक्षबाग, बांधाला लागून कापडी तंबू]

या पट्ट्यात आता द्राक्षबागांच्या कडेला मुक्कामाचे तंबू दिसू लागलेत. तंबू म्हणायचं ते कापडापुरतं. आत पलंग, जाड रजई, मागे गरम पाण्याची सोय. जेवायला चुलीवरची बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. हे सगळं छानच आहे, पण ते दुसरीकडेही मिळतं. इथे मुक्काम करावा तो वेळेसाठी. नाश्ता आटोपून नाशिकहून निघालेला माणूस अभयारण्यातल्या चापडगावच्या, पाखरं बघायच्या मनोऱ्यावर पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं, पाण्यावर डोळे ठरत नाहीत आणि क्रौंच केव्हाच शेतांकडे गेलेले असतात.

[दृश्य: पहाटेचा अंधार, बागेत शेकोट्या]

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पुष्कळदा राज्यात सगळ्यात खाली असतो. द्राक्षाचे मणी भरत आलेले असतात आणि या कडाक्यात ते तडकतात. म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं, तेवढीच मुळांना ऊब. तंबूचा पडदा सारला की पहिल्यांदा नाकात शिरतो तो हा धूर. आपण रजईत असताना शेजारच्या बागेत कुणीतरी वर्षाचं पीक राखत जागं होतं, हे पाहुण्यांनी ध्यानात ठेवावं, असं मनापासून वाटतं.

[दृश्य: मनोरा, पाण्यावर धुकं]

फटफटायच्या आधी मनोऱ्यावर पोचायचं. आधी नुसते आवाज येतात. अडई बदकं शीळ घालत डोक्यावरून जातात, लांबून क्रौंचांची साद ऐकू येते. मग हळूहळू पाणी दिसू लागतं.

[जवळून: जांभळी पाणकोंबडी]

पाणकणसाच्या कडेला ही जांभळी पाणकोंबडी बघा. निळं-जांभळं अंग, लालभडक चोच, कपाळही लाल. ती एक देठ उपटते, लांब बोटांच्या पंजात पकडून उभा धरते आणि चोचीने सोलू लागते. साली गळून पाण्यात पडतात. आतला पांढरा, कोवळा गाभा तेवढा खाते, शेपटी झटकते आणि दुसऱ्या देठाकडे वळते. दुर्बीण हिच्यावर स्थिर ठेवून बसा, घाई करू नका.

पलीकडच्या बेटावर पट्टकादंब आहेत, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले. लडाख, तिबेट, मंगोलियाच्या तळ्यांकाठी पिल्लं वाढवून, हिमालय ओलांडून ते हिवाळ्याला दक्षिणेत उतरतात. बाकी चक्रवाक, थापट्या, चमचे, शराटी, किती नावं घ्यावीत! चापडगावचे गाईड बहुतेक याच भागातले आहेत. कोणता थवा कुठे बसलाय, ते त्यांनाच विचारा.

इथे काय दिसेल, हे पाणी ठरवतं. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून पाण्याचं आवर्तन सुटलं की पातळी चढते, उथळ जागा बुडतात, लांब पायांची पाखरं कडेला सरकतात. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि शेकाटे जमा होतात. रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, येणंही असंच त्या त्या वर्षीच्या पाण्यावर. याच नदीतून वरच्या शहराचं सांडपाणीही येतं आणि जलपर्णी फोफावते. जिथे तिचा गालिचा पसरतो, तिथे बदकांना पोहायला पाणीच उरत नाही.

[दृश्य: संध्याकाळ, तंबूंसमोर दिव्यांच्या माळा]

पाखरांना आवाजाचा आणि उजेडाचा त्रास नको आणि आपली पहाटही चुकायला नको, म्हणून बुकिंग करताना खोलीचे फोटो मागण्याआधी तीन गोष्टी विचारा. रात्री स्पीकर लागतो का? बाहेरचे दिवे किती वाजता मालवतात? आणि पहाटे चापडगावला सोडायला गाडी आहे का? गिऱ्हाईकच हे विचारू लागलं, तर तंबूवाले नक्की ऐकतील.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला हंगाम. मार्च उजाडला की पट्टकादंब परतीच्या वाटेला लागतात आणि बागांमध्ये द्राक्षाच्या तोडणीची घाई असते.