माती झाकायची की झाडायची?

मंडळी, 'उष्ण हवेत कोणती झाडे निवडावीत' हा आजचा जाहीर झालेला विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे; परंतु त्याआधी आपल्या बाग मंडळाच्या वाफ्यांविषयी, विशेषतः दर रविवारी लख्ख झाडल्या जाणाऱ्या मातीविषयी, बोलल्यावाचून मला राहवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कडेच्या वाफ्यातील वांग्याची रोपे रोज दुपारी माना टाकत. पाहणाऱ्याचा जीव कळवळे आणि येणारा प्रत्येक सभासद एकेक झारी ओतून जाई. संध्याकाळी रोपे पुन्हा ताठ होत, तेव्हा ती पाण्यानेच सावरली असा आपला समज होई. वास्तविक कडक उन्हात पानांतून जितके पाणी उडून जाते तितके मुळांना त्या वेगाने पुरवता येत नाही, म्हणून ओल पुरेशी असूनही पाने लोंबतात आणि ऊन कलले की आपोआप सावरतात. पुढे रोपे संध्याकाळीही उठेनात. मी एक उपटून पाहिले, तर वरची माती भुकटीसारखी कोरडी आणि खाली नुसता चिखल. मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली, चिमटीत धरताच साल निसटून आत दोऱ्याएवढी शीर तेवढी उरली. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि आपण तर दिवसातून चार वेळा पाणी घालत होतो.

त्याच वाफ्यातला पाचोळा मात्र पोत्यांत भरून बाहेर जात होता, याचे मला फार वाईट वाटते. हवेचे तापमान ३८ अंश असताना उघड्या, कोरड्या मातीचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही पुढे तापू शकतो. दोन-तीन इंच पाचोळा पसरला, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडली, की माती निवते, ओल टिकते आणि कुजलेल्या पानांचे पुढे खत होते. वाफा अस्वच्छ दिसतो हा आक्षेप मला मान्य नाही. झाडाखाली पान पडलेले असणे हीच तिथली स्वच्छता आहे. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन इंच खुपसून पाहावे, आणि घालायचे तर पहाटे, सावकाश, खोलवर मुरेल असे घालावे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा झाडांविषयी थोडक्यात सांगतो. दिवसा ३५ आणि रात्री २४ अंशांच्या वर तापमान राहिले की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात व फुले गळतात. तिथे जादा खत उपयोगी पडत नाही, तर बहर कडक उन्हाळ्याआधी येईल अशा बेताने लागवड करावी लागते. भेंडी, चवळी, रताळे यांना ऊन मानवते. सफरचंदाच्या बहुतेक जातींना ७ अंशांखालची शेकडो तासांची थंडी लागते, त्यामुळे त्यांचा हट्ट धरू नये. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या दुपारच्या उन्हातून हलवाव्यात, कारण त्यांत मुळे भाजतात.

दाराशी पाचोळ्याची चार पोती बांधून ठेवलेली मी येताना पाहिली. ती कृपया आजच्या कचरागाडीत जाऊ देऊ नका. सभा संपल्यावर आपण ती कडेच्या वाफ्यावर रिकामी करू.