सिनेमाचा मुखडा

(इंदूरमधल्या एका छोट्या संगीतप्रेमी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मला पन्नास मिनिटं बोला असं सांगितलं होतं. इथे आल्यावर कळलं की नंतर पोहे आहेत, म्हणजे चाळिसातच आवरायला हवं. इंदूरमध्ये पोह्यांना ताटकळत ठेवून कुणी वक्ता मोठा झालेला नाही.

पत्रिकेत ‘सदाबहार सिनेसंगीत’ असं छापलंय. त्यामुळे काही जण गाणी ऐकायला आले असतील, त्यांची आधीच माफी मागतो. आज गाणी कमी. गाण्यात संगीतकाराला टेकायला खूप काही असतं. कवीचे शब्द असतात, गळा असतो, पडद्यावर झाडाला टेकलेली नायिका असते. मला बोलायचंय ते हे सगळे टेकू काढून घेतल्यावर उरतं त्याबद्दल. म्हणजे थीम, टायटल म्युझिक, पार्श्वसंगीत.

परवा आमच्या गल्लीतून वरात गेली. बँडवाल्यांनी बीन सुरू केली आणि नवरदेवाचे मामा रुमालाचं टोक दातांत धरून थेट डांबरावर आडवे झाले. ती बीन ‘नागिन’ची, म्हणजे १९५४ची. गंमत अशी की ती बीन खरी बीन नव्हेच. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर ती वाजवली, आणि जोडीला रवींची पेटी होती. पुढे ते दोघंही स्वतः मोठे संगीतकार झाले. मामांना ‘नागिन’ची गोष्ट विचारा, एक प्रसंग सांगता येणार नाही. पण सुरावट अंगात इतकी मुरलेली, की ऐकली की माणूस आडवाच होतो!

ही सुरावट टिकते कशी, हा माझा प्रश्न. मी गणिताचा मास्तर, संगीताचा नव्हे. पेटी वाजवतो ती घरच्यांच्या सहनशक्तीवर. पण उत्तर मला आपल्याच गावात सापडलं.

आपल्यापैकी काहींनी उस्ताद अमीर खाँसाहेबांना समोर बसून ऐकलंय. झूमरा तालात संथ ख्याल चाललेला असतो. चौदा मात्रांचं एक आवर्तन संपता संपत नाही. खाँसाहेब सुरांची उलटापालट करत कुठे कुठे जाऊन येतात. मग मुखडा येतो, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचा तुकडा, सम येते, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि बैठकीतल्या सगळ्या माना एकदम हलतात. मुखडा प्रत्येक वेळी तोच असतो, पण मधे जे गाऊन झालंय त्यामुळे तो दर वेळी निराळा लागतो. सिनेमातली थीम म्हणजे हा मुखडा. पहिल्यांदा येते तेव्हा नुसती ओळख. दुसऱ्यांदा आठवण. तिसऱ्यांदा येते तोवर नायकाचा बाप गेलेला असतो, घर विकलेलं असतं, आणि तेच चार सूर आता छातीत अडकतात. ज्याने ख्याल ऐकलाय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि ती सुरांची उलटापालट, म्हणजे खाँसाहेबांचा मेरुखंड, हे तर शुद्ध गणित. तीन सुरांच्या सहा रचना होतात, चार सुरांच्या चोवीस, सात सुरांच्या पाच हजार चाळीस. पार्श्वसंगीत करणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा चारच सूर असतात. त्या चोविसांतली कुठली केव्हा वापरायची, हे कळणं म्हणजे त्याची अक्कल.

खाँसाहेबांचं नाव निघालंच आहे तर ‘झनक झनक पायल बाजे’बद्दल बोलू. १९५५चा शांतारामबापूंचा रंगीत सिनेमा, संगीत वसंत देसाईंचं. देसाई सावंतवाडीकडचे, प्रभात फिल्म कंपनीत तयार झालेले. शीर्षकगीतासाठी त्यांनी गळा निवडला तो अमीर खाँसाहेबांचा, आणि राग दिला अडाणा. विचार करा, अवघ्या हिंदुस्थानात संथपणासाठी ओळखला जाणारा माणूस, आणि त्याला दिला वरच्या षड्जाकडे झेपावणारा राग, तोही द्रुत लयीत. (पेटीवर अडाण्याची उठावण वाजवतात.) पडद्यावर अजून एकही पाऊल थिरकलेलं नाही, आणि आपल्याला कळलेलं असतं की हा सिनेमा नाचाचा आहे, कोणाची हयगय करणारा नाही.

याच सिनेमाच्या पार्श्वसंगीतात संतूर आहे. वाजवलंय शिवकुमार शर्मांनी. तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. संतूर मैफलीत चालेल का, यावर जाणकारांनी नाकं मुरडण्याचे ते दिवस. त्याच वेळी ते वाद्य एका सिनेमाच्या पाठीमागे निमूटपणे वाजत होतं. पडद्यामागे असं बरंच काही आधी होऊन जातं.

आता काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे या लोकांबद्दलचा आदर वाढेल. सिनेमाचं संकलन झालं की एकेक रीळ स्टुडिओत पडद्यावर लावायचं. हजार फुटांचं रीळ, साधारण अकरा मिनिटं. संगीतकार सेकंद मोजत बसणार. दार उघडतं तिथून तिचा चेहरा दिसेपर्यंत सात सेकंद, तर सात सेकंदांचा तुकडा हवा. अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवणारा, तो युरोपियन नोटेशनमध्ये लिहून काढणार. मुंबईच्या स्टुडिओंत हे वाचू शकणारे बरेचसे वादक गोव्याचे. शंकर-जयकिशन यांच्या भव्य व्हायोलिनांमागे सेबॅस्टियन डिसूझा यांची लेखणी होती. पोस्टरवर ही नावं नसायची. आपण ‘एसजे म्हणजे व्हायोलिनं’ असं सहज म्हणून मोकळे होतो.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय तिथे येतो. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’, पुन्हा १९५५. संगीत रविशंकरांचं. त्यांना वेळ नव्हता, एका रात्रीच्या बैठकीत बहुतेक सगळं संगीत रेकॉर्ड झालं. बासरी आणि सतारीवरची ती गावाकडची धून तुम्ही ऐकली असेल. पण मी सांगतोय तो प्रसंग वेगळा. हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी येतो. पोरीसाठी साडी आणलीय, उत्साहाने दाखवतो. ती पोर, दुर्गा, वारलीय हे त्याला ठाऊक नाही. त्याची बायको सर्वजया ती साडी हातात घेते आणि तिचा बांध फुटतो. तोंड उघडलेलं दिसतं, पण रडणं ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, राग पटदीप, वरच्या पट्टीत. तारशहनाई म्हणजे इसराजच, त्याला कर्णा लावलेला, त्यामुळे आवाज चिरत येतो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो एका फिल्म सोसायटीच्या खेळात, कॉलेजात असताना. मशीन जुनं, मधे दोनदा रीळ तुटलं. लोक शिट्ट्या मारत होते, कुणीतरी ‘भिया, पैसे वापस’ ओरडलं. मग हा प्रसंग आला आणि सगळं थिएटर गप्प झालं. माझ्या शेजारी आमचे एक काका बसले होते, कापडबाजारात गादीवर बसणारे, पक्के हिशेबी. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘अरे, त्या बाईचा आवाज का नाही आला रे? मशीन बिघडलं होतं का?’’ मी म्हटलं, नाही काका, तसंच आहे ते. ते सायकलला किल्ली लावता लावता थांबले. रीगलच्या चौकापर्यंत सायकल हातात धरून चालले, बसले नाहीत. त्यांना पटदीप कळत नव्हता. माझं मत विचाराल तर भारतीय पार्श्वसंगीताचा सगळा इतिहास एका बाजूला आणि तो अर्धा-पाऊण मिनिट एका बाजूला.

माणसाचा आवाज काढून घेऊन वाद्य ठेवणं हे धाडस. याच्या उलटं धाडस म्हणजे आवाजालाच थीम करणं. ‘महल’, १९४९. खेमचंद प्रकाश यांनी ‘आयेगा आनेवाला’ आपल्या सिख मोहल्ल्यात जन्मलेल्या मुलीकडून गाऊन घेतलं. दूरून येणारा आवाज हवा म्हणून तिला माइकपासून लांब उभं केलं आणि गात गात जवळ यायला लावलं. तबकडीवर नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! वीस वर्षांची लता तिथे नावानेही नव्हती. खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी गेले.

१९७५ हे साल माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे. तिकडे अमेरिकेत ‘जॉज’ आला, संगीत जॉन विल्यम्स यांचं. दोन सूर, अर्ध्या सुराच्या अंतरावरचे. (वाजवतात. पहिल्या रांगेत हशा.) बघा, इंदूरला समुद्र नाही, तरी तुम्ही पाय वर घेतले! यांत्रिक मासा सारखा बिघडायचा म्हणून तो फारसा दाखवता येईना, त्याची जागा या दोन सुरांनी घेतली. त्याहून मोठी हुशारी पुढे आहे. दोन पोरं पुठ्ठ्याचा पंख लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते सूर वाजतच नाहीत. थीम खोटं बोलत नाही.

आणि इकडे ‘शोले’. लेखकजोडीतले सलीम खान आपल्या इंदूरचे, हे मी मुंबईच्या पाहुण्यांना न विचारता सांगतो. पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या, त्या संगीतात घोडे आहेत, गिटार आहे, गब्बर आहे, पण मला विचाराल तर एकच वाद्य, माउथऑर्गन. अमिताभच्या ओठांवर तो दिसतो, वाजवलाय भानू गुप्तांनी. संध्याकाळ, जय ओसरीवर बसून वाजवतोय, समोर हवेलीत राधा एकेक दिवा मालवतेय. दोघांच्यात बोलणं जवळजवळ नाहीच. एक अख्खं प्रेमप्रकरण त्या चार ओळींच्या धुनेने पेललंय. ठाकूरच्या घरची माणसं मारली जातात तिथे मात्र लक्षात राहतो तो झोपाळ्याच्या कड्यांचा करकर आवाज. सूर कुठे थांबवायचे, हेही संगीतकारानेच ठरवायचं असतं.

हल्ली हे विसरलंय असं मला वाटतं. म्हातारपणाची कुरकुर समजा. पहिल्या फ्रेमपासून शेवटापर्यंत काहीतरी घुमत असतं. नायक चहा पितो तरी मागे नगारे. हे म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्यासारखं आहे. चिमूटभर टाकलं तर पोहे पोह्यांसारखे लागतात, मूठभर टाकलं तर नुसतं जिरावण खाल्ल्यासारखं. अपवाद आहेत. रहमानच्या ‘बॉम्बे’ची थीम घ्या, नवीनकुमारची बासरी किती वेळ एकटी ठेवलीय. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद रेकॉर्ड केला, तोही मला खटकत नाही. गाव करमाळ्याकडचं असलं तरी त्या पोराच्या डोक्यात जे चाललंय ते तेवढंच मोठं आहे.

मराठीचा विषय निघाला म्हणून आनंदघन. भालजींच्या ‘साधी माणसं’चं संगीत १९६५ साली या नावाने आलं. राज्य पुरस्कारात उत्कृष्ट संगीतकार म्हणून आनंदघन जाहीर झालं, आणि मग सभागृहात सांगितलं गेलं की ते इथेच बसलेत, म्हणजे बसल्यात, लताबाई! त्यांनी ‘ऐरणीच्या देवा’त काय केलंय ते पुन्हा ऐका. लोहाराची गोष्ट आहे, तर ठेका भात्याचा आणि घणाचा. चाल कामाच्या श्वासावर बेतलेली. त्या गाण्याची लय चुकली तर गवयाचं बिघडणार नाही, लोहाराच्या बोटावर घण पडेल.

शेवटी सलिल चौधरी. बी. आर. चोप्रांनी १९६०मध्ये ‘कानून’ काढला, त्यात एकही गाणं नाही. हिंदी सिनेमात गाणं नाही म्हणजे आपल्याकडच्या लग्नात जेवण नाही! त्यांनी संगीत दिलं सलिलदांकडे. १९६९च्या ‘इत्तेफाक’लाही गाणं नव्हतं, आणि संगीत पुन्हा सलिलदांचंच. गाण्यांसाठी इतका नावाजलेला माणूस गाण्याविना सिनेमासाठी दोनदा बोलावला जातो, यात सगळं आलं.

त्यांचं एक गुपित सांगून थांबतो. ‘मधुमती’मधलं ‘आजा रे परदेसी’ तुम्हाला पाठ आहे. लताबाईंना पहिलं फिल्मफेअर त्याच गाण्यावर मिळालं. पण ती चाल जन्मली ‘मधुमती’त नाही. दोन वर्षं आधी, १९५६च्या ‘जागते रहो’त, ती पार्श्वसंगीतात येऊन गेलीय. तिथे शब्द नाहीत, परदेसी नाही, धुकं नाही. रात्रीच्या कलकत्त्यात पाणी शोधत फिरणारा एक खेडूत आहे आणि मागे हे सूर. जयकिशननेही असंच केलं. ‘आह’मध्ये पाठीमागे वाजलेली धून सतरा वर्षांनी ‘जाने कहाँ गये वो दिन’ होऊन आली. बियाणं एकीकडे टाकायचं, पीक दुसऱ्याच शेतात काढायचं.

‘जागते रहो’चा तो तुकडा मी या स्पीकरवर लावतो. पंखा जरा बंद करा, आवाज येतो. मागचं दारही लोटून घ्या, पोह्यांचा वास यायला लागलाय. शब्द मनात म्हणू नका, तो मोह आवरा. आधी एक माणूस चालताना ऐकू येईल. त्यानंतर बघा.